अडीच दिवसांत न्यूरेंबर्ग : काय बघायचं, काय खायचं, काय सोडायचं

मंडळाच्या गटावर वर्षातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. कुणाचा भाऊ श्टुटगार्टला नोकरीला असतो, कुणाला परिषदेसाठी फ्रँकफर्टला यायचं असतं, कुणाच्या ताईचा पदवीदान समारंभ असतो. मध्ये दोन-तीन दिवस मोकळे मिळतात आणि मग विचारणा होते, ‘जर्मनीतलं एखादं शहर सुचव ना, खाणंपिणंही झालं पाहिजे.’ माझं उत्तर ठरलेलं आहे : न्यूरेंबर्ग. बर्लिन नको, अडीच दिवसांत बर्लिनची मेट्रोच तेवढी बघून होते. म्युनिक छान आहे, पण महाग आणि पसरलेलं. न्यूरेंबर्ग बायर्न प्रांतातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, वस्ती पाच लाखांच्या थोडी वर. बघण्यासारखा बराचसा भाग जुन्या तटबंदीच्या आत पायी फिरता येतो.

मी शेजारच्या एरलांगेनला शिकते. गाडीने वीस मिनिटांवर न्यूरेंबर्ग. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांना शहर दाखवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. या लेखात ‘बघण्यासारखी दहा ठिकाणं’ अशी यादी देणार नाही, ती कुठेही मिळते. बेत कसा बसवायचा ते सांगते, आणि उदाहरण घेते माझ्या आई-बाबांचं. गेल्या मे महिन्यात ते आले, तेव्हा हातात शनिवार, रविवार आणि सोमवारची दुपार होती. सोमवारी रात्री त्यांना म्युनिकला माझ्या मावसभावाकडे जायचं होतं. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा सगळं खातात, पण काचबिंदूमुळे त्यांची नजर गेल्या तीन वर्षांत बरीच उणावली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ती टिकली तरी पुष्कळ. उजेडात समोरचं मोठं दिसतं, बारीक अक्षर आणि अंधारातल्या पायऱ्या दिसत नाहीत. आणि त्यांची एकच मागणी होती. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात रीडर म्हणून त्यांनी एकतीस वर्षं काढली. ते म्हणाले, ‘ती खटल्याची खोली तेवढी दाखव, बाकी तू म्हणशील ते.’

आधी कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भेटीसाठीचा शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवस आधीपर्यंत तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात अर्ज देण्याची वेळच लवकर मिळत नाही, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. फ्रँकफर्टला उतरलात तर वेगवान गाडीने न्यूरेंबर्ग सव्वादोन-अडीच तास, म्युनिकहून साधारण सव्वा तास. खर्च वाचवायचा असेल तर म्युनिकहून ‘बायर्न टिकेट’ काढून साध्या प्रादेशिक गाडीने या. दिवसभर चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, आणि वेगवान गाडीत चालत नाही.

शहरातल्या तिकिटाची एक गंमत आहे. शनिवारी काढलेलं दिवसाचं तिकीट रविवारीही चालतं. ‘प्लुस’ प्रकारच्या तिकिटावर दोन मोठी माणसं आणि बरोबरची मुलं जाऊ शकतात. आम्ही तिघं, म्हणून एक प्लुस आणि एक एकट्याचं, असं काढलं आणि दोन दिवस निवांत झालो.

आता मुख्य गोष्ट. इंदूरकरांना हे पचायला जड जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे दागिन्यांची दुकानं बंद झाली की सराफ्यात खाण्याचा बाजार सुरू होतो आणि मध्यरात्रीही गर्दी हटत नाही. बायर्नमध्ये दुकानं सोमवार ते शनिवार रात्री आठला बंद, म्हणजे बंद. रविवारी तर उघडतच नाहीत. स्टेशनातली काही दुकानं आणि सकाळी काही तास उघडणाऱ्या बेकऱ्या एवढाच अपवाद. खानावळींची स्वयंपाकघरंही रात्री नऊ-साडेनऊनंतर आवरती घेतात. म्हणजे ‘आधी फिरू, मग भूक लागली की बघू’ हा आपला शिरस्ता इथे चालत नाही.

संग्रहालयांचंही वारांशी गणित आहे. बरीचशी सोमवारी बंद असतात. चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचं घर, जर्मानिक राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वेचं संग्रहालय, सगळी त्यातली. ड्यूररचं घर उन्हाळ्याच्या गर्दीत आणि नाताळच्या बाजाराच्या दिवसांत तेवढं सोमवारीही उघडं असतं. उलट ज्या न्यायालयात नाझी पुढाऱ्यांवर खटला चालला, तिथलं स्मारक-संग्रहालय मंगळवारी बंद आणि सोमवारी उघडं असतं. किल्ला रोज उघडा. चर्चं रोज उघडी, पण रविवारी सकाळी उपासना असते. त्या वेळी बसायचं असेल तर बसा, कॅमेरा घेऊन फिरू नका. आपल्या कॉलेजच्या चॅपलमध्ये प्रार्थना चालू असताना कुणी फोटो काढत हिंडलं तर कसं वाटेल, तसंच ते.

ही अडचण वाटते, पण बेत यातूनच बसतो. शनिवारी बाजार आणि किल्ला, कारण बाजार रविवारी नसतो. रविवारी ड्यूररचं घर, कारण सोमवारी ते बंद. सोमवारी न्यायालय. कागदावर आधी वार लिहा, मग जागा लिहा. मी इतकंच करते, आणि दर वेळी बेत अर्ध्या तासात होतो.

दुसरं, सोबत कोण आहे ते बघा. मी एकटी असते तर बेहाइमचा पृथ्वीगोल कधीच सोडला नसता. १४९०च्या सुमारास मार्टिन बेहाइमने न्यूरेंबर्गात करवून घेतलेला हा गोल आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना पृथ्वीगोल आहे. कोलंबसची बातमी यायच्या आधीचा, त्यामुळे त्यावर अमेरिकाच नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतलं. पण तो काचेआड, मंद प्रकाशात, आणि त्यावरची अक्षरं बारीक. बाबांसमोर तो अंधूक चेंडू झाला असता. तीच गोष्ट जमिनीखालच्या तळघरांची. किल्ल्याच्या टेकडीखाली वालुकाश्म कोरून बिअर साठवायला भुयारं केली आहेत, १३८०पासूनची नोंद मिळते. महायुद्धात लोक त्यांत लपले. तरुण मंडळींनी नक्की जावं, स्वेटर घेऊन, कारण आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो. आम्ही सोडली. अंधार आणि पायऱ्या, दोन्ही एकत्र.

मग ठेवलं काय? जे ऐकू येतं, हाताला लागतं, वास येतो किंवा लांबूनही मोठं दिसतं, ते.

शनिवारी सकाळी स्टेशनाबाहेर पडून क्योनिगश्ट्रासने सरळ चालत निघालो. दहा मिनिटांत सेंट लोरेन्झ चर्च येतं. आतमध्ये उंचावर दोरीला टांगलेली एक लाकडी कलाकृती आहे : गब्रिएल दूत मरियेला संदेश देतो तो प्रसंग, दोन्ही मूर्ती मोठ्या, भोवती गुलाबांचं कडं. फाइट श्टॉस या कोरीवकाराचं १५१७-१८चं काम. बाजूला आडाम क्राफ्टने दगडात घडवलेला वीस मीटरच्या आसपास उंच मनोरा आहे, पवित्र भाकर ठेवण्यासाठी केलेला. त्याचा भार खांद्यावर घेऊन गुडघ्यावर बसलेली जी माणसं कोरली आहेत, त्यांतला एक स्वतः क्राफ्ट, हातात हातोडी-छिन्नी घेतलेला. बाबांनी तो चेहरा अगदी जवळ जाऊन बघितला. इथे एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. १५२५ साली हे शहर सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट झालं. इतर कित्येक ठिकाणी तेव्हा चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. न्यूरेंबर्गच्या धनिक घराण्यांनी दिलेली ही कामं मात्र जागीच राहिली. टांगलेल्या मूर्तींवर कापड घालून ठेवलं, एवढंच.

पुढे नदी, पेग्नित्झ. पूल ओलांडला की मुख्य चौक, हाउप्टमार्क्ट. इथे दुपारी बाराच्या आत पोचा. फ्राउएनकिर्खे या चर्चच्या दर्शनी भागावर १५०९चं यांत्रिक घड्याळ आहे. बाराला घंटा होतात, तुतारीवाले हलतात आणि सात राजनिर्वाचक सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती फेऱ्या घालतात. १३५६ साली चार्ल्सने सम्राट निवडण्याचे जे नियम लेखी केले, त्याची ही आठवण. त्या नियमांत नव्या राजाची पहिली सभा न्यूरेंबर्गातच भरावी असं कलम आहे, म्हणून शहराला एवढा अभिमान.

पण त्या चौकाची दुसरी बाजूही सांगितल्याशिवाय पाहुण्यांना मी तिथून हलवत नाही. हा चौक म्हणजे जुनी ज्यू वस्ती. १३४९ साली ती जाळली, पाचशेहून अधिक माणसं मारली, आणि सिनेगॉग पाडून त्या जागी हे चर्च उभं राहिलं. हे सगळं याच चार्ल्सच्या परवानगीनंतर. चर्चच्या आत जमिनीवर त्याची खूण म्हणून सहा टोकांचा तारा बसवला आहे. वर बघून टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीतले फार थोडे लोक आत जाऊन खाली बघतात.

चौकातच ‘सुंदर कारंजं’ आहे, एकोणीस मीटर उंच. त्याच्या जाळीत अडकवलेलं पितळी कडं फिरवलं की इच्छा पुरी होते म्हणतात. आईने फिरवलं. काय मागितलं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

किल्ल्याचा चढ लांब नाही, पण दगडी आणि खडा आहे. गुडघे दुखत असतील तर जेवणानंतर लगेच चढू नका. वर गेल्यावर आतल्या दालनांपेक्षा कठड्यावरून दिसणारी लाल कौलारू छपरं मला जास्त आवडतात. हे सगळं ‘जुनं’ शहर बऱ्याच अंशी नवं आहे. २ जानेवारी १९४५च्या बाँबहल्ल्यात जुन्या गावाचा नव्वद टक्के भाग गेला, आणि लोकांनी जुन्याच रस्त्यांवर, जुन्याच आकाराची घरं पुन्हा बांधली. वरून बघताना हे ठाऊक असलं की बघणंच बदलतं.

आता खाणं, ज्यासाठी निम्म्या लोकांनी हा लेख उघडला असेल.

न्यूरेंबर्गचं नाव ज्यावर चालतं तो सॉसेज म्हणजे ब्राटवुर्स्ट, आपल्या करंगळीएवढा. लांबी सात ते नऊ सेंटिमीटर, वजन वीस-पंचवीस ग्रॅम, डुकराचं मांस, मार्जोरम नावाचा सुगंधी पाला, आणि भाजणं बीच लाकडाच्या विस्तवावर. २००३पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे शहराबाहेर बनवून हे नाव लावता येत नाही. खानावळीत सहा, आठ, दहा, बारा अशा आकड्यांत मागवतात, कथलाच्या ताटलीत येतात, सोबत आंबवलेली कोबी किंवा बटाट्याचं सॅलड आणि किसलेलं हॉर्सरॅडिश, जे थेट नाकात जातं. रस्त्यावर खायचं तर ‘द्राय इम वेक्ला’ म्हणा : पावात तीन, वर मोहरीची चटणी. पाच युरोंच्या आसपास पोट भरतं. बाबांनी उभ्या उभ्या दोन पाव संपवले आणि म्हणाले, ‘छप्पन दुकानला हे चाललं असतं गं.’ जास्त भूक असेल तर ‘श्यॉयफेले’ मागवा, डुकराच्या खांद्याचा हाडासकट भाजलेला तुकडा, वर कुरकुरीत साल, सोबत बटाट्याचा मोठा गोळा. एकट्याने संपवणं अवघड. माशांच्या शौकिनांनी सप्टेंबर ते एप्रिलमध्ये यावं, तेव्हा इथल्या तळ्यांतला कार्प मासा अर्धा चिरून अख्खा तळून देतात. मे महिन्यात तो मिळत नाही.

शाकाहारी माणसांची इथे उपासमार होते हा समज जुना झाला, पण सावध राहावं लागतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं सार घालायची पद्धत आहे. आंबवलेल्या कोबीत डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात. लाल कोबी चरबीत परततात. बटाट्याच्या गोळ्यावर जो रस्सा येतो तो भाजलेल्या मांसाचा. म्हणून तीन वाक्यं पाठ करा : ‘ओने फ्लाइश’ म्हणजे मांसाविना, ‘ओने श्पेक’ म्हणजे चरबीच्या तुकड्यांविना, ‘ओने ब्र्यूहे’ म्हणजे मांसाच्या साराविना. दुसरं वेगळं सांगावं लागतं, कारण पुष्कळ लोकांच्या लेखी श्पेक म्हणजे मांस नव्हे, ती चव आहे. अंडं नको असेल तर ‘ओने आय’. मग ‘केझेश्पेट्झले’ हा चीज घातलेल्या ताज्या शेवयांसारखा लोकप्रिय पदार्थ बाद होतो, कारण पिठातच अंडं असतं.

आईचं काय केलं? मे महिना होता, म्हणजे श्पार्गेलचा मोसम. पांढरी शतावरीची कोवळी कांडी, जमिनीखाली वाढवलेली म्हणून पांढरी. शहराच्या उत्तरेला ‘क्नोब्लाउखस्लांड’, शब्दशः लसणाचा मुलूख, नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे. तिथून सकाळी काढलेली श्पार्गेल शनिवारी चौकातल्या बाजारात असते. २४ जूनला, योहानाच्या सणाला, तोडणी थांबते. खानावळीत ती उकडलेल्या बटाट्यांबरोबर देतात, वर अंड्याचा पिवळा सॉस. आम्ही सॉसऐवजी वितळवलेलं लोणी मागितलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘अगं, याला जिऱ्याची फोडणी हवी होती,’ आणि मग सगळी ताटली पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी ब्रेत्सेल आणि ओबात्स्दा, म्हणजे मऊ चीज, लोणी, कांदा आणि लाल मिरचीपूड मळून केलेला गोळा. पाककृतीत कधी कधी बिअरही असते, तेही विचारून घ्या. संध्याकाळी तुर्की दुकानातलं फलाफल. उपाशी कुणी राहिलं नाही.

टेबलाच्या काही रीती आहेत. मोठ्या लाकडी बाकांच्या खानावळीत अनोळखी लोकांच्या टेबलाशी बसायला हरकत नाही, ‘जागा आहे का’ एवढं विचारायचं. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल मात्र रोजच्या गिऱ्हाइकांचं, तिथे बसू नका. टेबलावर आधीच ठेवलेल्या टोपलीतले ब्रेत्सेल फुकट नसतात, खाल्लेले मोजून बिलात लावतात. पाणी विकत घ्यावं लागतं आणि न सांगता मागितलं तर फसफसणारं येतं. साधं हवं तर ‘श्टिलेस वासर’. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटली भरून घ्या. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती फेकू नका, दुकानातल्या यंत्रात घातली की पैसे परत मिळतात. थोडी नाणी खिशात असू द्या, शौचालयासाठी लागतात, आणि काही जुन्या खानावळी अजून रोखच पसंत करतात.

रविवार ड्यूररच्या घराचा. ड्यूरर (१४७१–१५२८) जन्माने आणि मरणानेही न्यूरेंबर्गचा. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या घरात तो १५०९पासून शेवटपर्यंत राहिला. मूळ चित्रं बघायची म्हणून गेलात तर निराश व्हाल, ती जगभरच्या संग्रहालयांत गेली. पण वरच्या मजल्यावर छपाईची कार्यशाळा आहे. लाकडी ठसा, शाई, दाबयंत्र, आणि छापून दाखवणारा माणूस. तेलकट शाईचा वास जिन्यातच येतो. बाबा तिथे पाऊण तास बसले.

याच घरात राहत असताना, १५१५ साली, ड्यूररने आपला सुप्रसिद्ध गेंडा कोरवून घेतला. तो गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने तो आफोन्सो द आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाला पाठवला, मे १५१५मध्ये तो लिस्बनला उतरला. ड्यूररने प्रत्यक्षात पाहिलाच नाही. कुणाच्या तरी पत्रातलं वर्णन आणि एक रेखाटन यांवरून त्याने अंगावर चिलखताचे पत्रे असलेला प्राणी उभा केला, आणि पुढे दीड-दोन शतकं युरोप गेंडा तसाच असतो असं मानत राहिला. न्यूरेंबर्गला हिंदुस्थानची बातमी लागायचं कारण मिरी-मसाले. १५०५च्या पोर्तुगीज ताफ्यात इथल्या व्यापारी घराण्यांचेही पैसे होते.

ते मसाले आजही चाखता येतात, लेबकूखनमध्ये. दालचिनी, लवंग, वेलदोडा, सुंठ, धने घातलेला हा गोड जाड बिस्किटासारखा प्रकार. मसाला व्यापाऱ्यांनी आणला, मध आजूबाजूच्या शाही जंगलातल्या मधपाळांनी पुरवला. त्यातला उत्तम तो एलिझेन-लेबकूखन : बदाम, अक्रोड किंवा हेझलनट किमान २५ टक्के आणि पीठ फार तर १० टक्के, असा नियमच आहे. खाली प्रभुभोजनात देतात तशी पातळ पांढरी चकती लावलेली असते, पीठ चिकटू नये म्हणून. नाताळचा पदार्थ असला तरी इथे वर्षभर मिळतो.

नाताळचा विषय निघालाच आहे तर सांगते. इथला ख्रिस्तकिंडलेसमार्क्ट, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होऊन २४ डिसेंबरला संपणारा बाजार, खरंच देखणा असतो. पण अडीच दिवसांत शहरही बघायचं असेल तर त्या दिवसांत येऊ नका. हॉटेलं दुपटीने महाग, चौकात मुंगीला वाट नाही, आणि साडेचारला अंधार. मे-जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. बाबांसाठी तो उजेड सगळ्यांत मोलाचा होता.

वाङ्मय मंडळाच्या अंकात लिहिते आहे, तेव्हा या दोन ओळी हव्यातच. हे चांभार-कवी हान्स झाक्सचं गाव. जोडे शिवता शिवता त्याने सहा हजारांच्या आसपास रचना केल्या. त्याच्या संसारावरच्या एका कवितेवरून वायसर टुर्म या मेट्रो स्टेशनाबाहेर एक भलंमोठं कारंजं केलं आहे. प्रेमापासून भांडणापर्यंत सगळे प्रसंग, काही अगदी भयंकर. आई-बाबा त्याभोवती फिरले आणि एका सांगाड्याच्या जोडीपाशी एकमेकांकडे बघून हसले. आणि १६४४मध्ये इथे स्थापन झालेलं एक साहित्य मंडळ, ‘पेग्नित्झचा पुष्पसंघ’, आजही चालू आहे! संस्थापकांपैकी हार्सड्यॉर्फर याने कविता करायला शिकवणारं ‘काव्याचं नरसाळं’ नावाचं पुस्तक लिहिलं, सहा तासांत काव्यकला डोक्यात ओतून मिळेल अशा हमीसह. आमच्या वेळच्या नवलेखक शिबिराला पूर्ण दोन दिवस लागायचे.

सोमवार. मेट्रोच्या यू-१ मार्गाने बेअरेनशान्झे स्टेशन, तिथून न्यायालय थोड्याच अंतरावर. दालन क्रमांक ६००. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६, सुनावणीचे २१८ दिवस. पुष्कळ जण विचारतात की नाझी मेळाव्यांचं मैदान आणि ते अर्धवट राहिलेलं प्रचंड सभागृह आधी बघू का. वेळ असेल तर बघा, मैदान फुकट आणि उघडंच आहे. एकच निवडायचं असेल तर मी न्यायालय म्हणेन. मैदानात दगड खूप आहेत, न्यायालयात माणसांचं बोलणं आहे.

प्रदर्शन वरच्या मजल्यावर, लिफ्ट आहे. सगळं वाचायला दोन तास लागतात, पण तिकिटातच कानाला लावायचं श्राव्य-मार्गदर्शक यंत्र मिळतं, इंग्रजीतही. बाबांसाठी मी ते आधीच बघून ठेवलं होतं. दालनाची मांडणी खटल्यानंतर बदलली. दारावरची आदाम-हव्वेची कोरीव चौकट आणि आरोपींना आणायचं ते मागचं दार मात्र जुनंच. २०२०पर्यंत इथे रोजचे खटलेही चालत होते.

बाबांनी बाकावर बसून पहिला प्रश्न विचारला, ‘इथे रीडर कुठे बसत असेल?’ मला सांगता आलं नाही. दुभाषे कुठे बसत ते ठाऊक होतं, आरोपींच्या शेजारच्या कोपऱ्यात, काचेमागे. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन, चारही भाषांत बोलणं चालू असतानाच भाषांतर करायची पद्धत एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम या दालनात वापरली गेली. प्रत्येकाच्या कानाला यंत्र. बोलणारा फार वेगात गेला तर पिवळा दिवा लागे, थांबवायचं असेल तर लाल. बाबांना हे फार पटलं. ‘आमच्याकडे वकिलांसाठी असा पिवळा दिवा हवा होता,’ म्हणाले. मग यंत्र कानाला लावून, डोळे मिटून, दुभाष्यांचा भाग त्यांनी दोनदा ऐकला. आई शेजारी त्यांची टोपी धरून बसली होती. आम्ही ठरवल्यापेक्षा तासभर जास्त थांबलो आणि रेल्वेचं संग्रहालय तसंही सोमवारी बंद होतं.

परतताना उजेड होता, म्हणून राष्ट्रीय संग्रहालयाबाहेरच्या मानवाधिकार मार्गावर गेलो. संग्रहालय बंद असलं तरी हा रस्ता कायम उघडा असतो, तिकीट नाही. पांढरे उंच स्तंभ, १९९३मध्ये दानी कारावान या शिल्पकाराने उभारलेले, त्यांवर मानवाधिकारांच्या जाहीरनाम्याची कलमं वेगवेगळ्या भाषांत कोरलेली. अक्षरं खोल आहेत. बाबा स्तंभावर हात फिरवत चालले होते आणि मी कलमं वाचून दाखवत होते.

स्टेशनावर गाडीला चाळीस मिनिटं होती. लेबकूखनचा पत्र्याचा डबा घ्यायचा असेल तर स्टेशनातच मिळतो, काही आठवडे टिकतो आणि सामानात मोडत नाही. त्यात अंडं असतं, म्हणून आईसाठी आम्ही एक ब्रेत्सेल कागदात बांधून घेतला.